संगणकाचा वेग : छाप पाहू नका, वार मोजून घ्या

थानावरचा छाप वाचून कोणी कापडवाला पैसे मोजत नाही. तो थान उलगडतो, पन्हा पाहतो, दोन बोटांत कापड चोळून पोत जोखतो आणि मग वार मोजून घेतो. सोनार कसोटीवर घासल्याशिवाय बोलत नाही. धान्याचा व्यापारी पोत्यात हात घातल्याशिवाय भाव सांगत नाही. पण हीच पारखी माणसे संगणकाच्या दुकानात गेली की गप्प होतात. विक्रेता "इतके गिगाहर्ट्झ, इतके कोअर" म्हणतो, आपण मान हलवतो आणि पैसे देऊन मोकळे होतो.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि संगणक ही हौसेची वस्तू राहिली नाही. बिल, ई-वे बिल, विवरणपत्र, स्टॉकचा हिशेब, सारे त्याच्यावर आले. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथे कापडवाल्यांबरोबरच लग्नपत्रिका छापणारे, फ्लेक्सवाले, फोटो स्टुडिओवाले आणि मशीनवर भरतकाम करणारे कारागीरही त्याच्यावर पोट भरतात. लहान दुकानदाराला हा खर्च किरकोळ नाही, पुष्कळदा तो हप्त्यावर होतो. म्हणून संगणकाचा वेग म्हणजे काय आणि तो आपल्याला कसा मोजता येईल, हे या लेखात सोप्या रीतीने मांडतो.

वेगाचे साधे गणित

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे गणिताच्या तासाला घोकून घेत : रफ्तार म्हणजे फासला भागिले वक्त. अंतराला वेळेने भागा, वेग मिळतो. बीडहून निघालेली एस. टी. असो की संगणक, सूत्र हेच आहे. फक्त संगणकाच्या बाबतीत अंतराच्या जागी 'काम' घालायचे. किती काम झाले आणि किती वेळात झाले, एवढाच प्रश्न आहे.

वेळ मोजायला घड्याळ आहे, त्यात फसवाफसवी कठीण. सारा घोळ 'काम' या शब्दात आहे. कोणते काम, कोणी ठरवलेले आणि ते आपल्या कामासारखे आहे काय? संगणकाच्या वेगाबद्दल जगभर जे वाद झाले, ते बहुतेक या एका मुद्द्यावर झाले.

गिगाहर्ट्झ म्हणजे फेऱ्या, माल नव्हे

जाहिरातीत सर्वांत ठळक छापला जाणारा आकडा म्हणजे गिगाहर्ट्झ. संगणकाच्या आत एक ठोका चालतो आणि प्रोसेसर त्या ठोक्यावर काम करतो. सेकंदाला शंभर कोटी ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीचा ठोका ४.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४७ लाख ७० हजार इतका होता. आजचे प्रोसेसर तीन, चार, पाच गिगाहर्ट्झवर चालतात.

आता ट्रकमधून गाठी उतरवणारे दोन हमाल डोळ्यांसमोर आणा. एक तासात २० फेऱ्या मारतो, पण दर फेरीला एकच गाठ आणतो. दुसरा १५ फेऱ्या मारतो, पण दर फेरीला दोन गाठी आणतो. पहिल्याच्या २० गाठी झाल्या, दुसऱ्याच्या ३०. जो जास्त धावताना दिसला तो मागे पडला. गिगाहर्ट्झ हा फेऱ्यांचा आकडा आहे. एका फेरीत प्रोसेसर किती काम उचलतो हे तो सांगत नाही.

हे केवळ उदाहरण नाही, बाजारात घडलेले आहे. २००१ साली इंटेलचा पेंटियम ४ दोन गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला होता. प्रतिस्पर्धी एएमडीचा प्रोसेसर १.५३ गिगाहर्ट्झवर चालत असे, पण एका ठोक्याला जास्त काम करी. गिऱ्हाईक मात्र गिगाहर्ट्झच विचारी. शेवटी एएमडीने त्या मालाला '१८००+' असे नाव दिले आणि ठोक्याचा आकडा मागे ठेवला. पुढे इंटेलचाही पेंटियम ४ जेमतेम ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला. चार गिगाहर्ट्झचा ठरलेला प्रोसेसर कंपनीने २००४ मध्ये रद्द केला, कारण ठोका वाढवला की वीज आणि उष्णता आवरेना. २००६ मध्ये त्याच कंपनीने तीन गिगाहर्ट्झच्या आतले 'कोअर २ ड्युओ' आणले आणि कमी ठोक्याच्या या प्रोसेसरांनी जुन्यांना सहज मागे टाकले.

ज्यांनी १९९० नंतरच्या काळात संगणक वापरला, त्यांना डब्यावरचे 'टर्बो' बटण आठवत असेल. ते दाबले की समोरच्या छोट्या पाटीवर ३३ किंवा ६६ असा आकडा उजळे. आपल्याला वाटे, संगणक आपला वेग मोजून दाखवतो आहे. प्रत्यक्षात ती पाटी काहीच मोजत नसे. डबा जोडणारा कारागीर आतल्या छोट्या खुंट्या लावून जो आकडा ठरवी, तोच दिसे. खुंट्या बदलल्या असत्या तर ९९ सुद्धा दिसले असते. आकडा दिसणे आणि आकडा मोजला जाणे यांत केवढे अंतर आहे, हे त्या पाटीवरून समजते.

कागदावरचा वेग आणि हाती आलेला वेग

माग चालवणाऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. माग मिनिटाला १२० पिक टाकतो आणि कापड इंचाला ६० पिकांचे आहे, तर मिनिटाला दोन इंच कापड निघायला हवे. दहा तासांत १,२०० इंच, म्हणजे ३३ वार १२ इंच. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात धागा तुटतो, कांडी संपते, वीज जाते, आणि संध्याकाळी हातात समजा २५ वार येतात. मालकाने कारखाना चालवायचा तो २५ वारांवर, कागदावरच्या ३३ वर नाही.

संगणकाचे मोठमोठे शास्त्रज्ञही असेच दोन आकडे ठेवतात, आणि याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रात पुण्याला आहे. महासंगणकाचा वेग 'फ्लॉप' या मापात मोजतात. अपूर्णांकांची एक बेरीज किंवा एक गुणाकार सेकंदात झाला तर एक फ्लॉप. शंभर कोटी म्हणजे एक गिगाफ्लॉप, लाख कोटी म्हणजे एक टेराफ्लॉप आणि त्याच्या हजारपट म्हणजे एक पेटाफ्लॉप.

२००७ साली पुण्यात टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेने 'एका' नावाचा महासंगणक उभारला. त्याच्यात १४,२४० कोअर होते, प्रत्येकाचा ठोका तीन गिगाहर्ट्झ, आणि एका ठोक्याला जास्तीत जास्त चार गणिते. गुणाकार करा : १४,२४० गुणिले ३ गुणिले ४ म्हणजे १,७०,८८० गिगाफ्लॉप, अर्थात सुमारे १७१ टेराफ्लॉप. हा कागदावरचा वेग. तो काढायला संगणक चालू करण्याचीही गरज नाही, पेन्सिल पुरते.

मग प्रत्यक्ष परीक्षा झाली. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांची यादी १९९३ पासून वर्षातून दोनदा, जून आणि नोव्हेंबरमध्ये, निघते. या यादीसाठी सर्व संगणकांना 'लिनपॅक' नावाची एकच परीक्षा द्यावी लागते. तिच्यात फार मोठ्या संख्येने समीकरणे सोडवायची असतात. या परीक्षेत 'एका'ने ११७.९ टेराफ्लॉप वेग दाखवला, म्हणजे कागदावरच्या आकड्याच्या शेकडा ६९. नोव्हेंबर २००७ च्या यादीत तो जगात चौथा आला, आणि त्याला तो मान १७१ वर नाही तर ११७.९ वर मिळाला.

पुण्याच्याच सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार करून देशाचे नाव केले. तिच्या पुढच्या संगणकांचे आकडेही पाहण्यासारखे आहेत. २००३ च्या 'परम पद्म'चा कागदावरचा वेग ९९२ गिगाफ्लॉप आणि मोजलेला ५३२, म्हणजे निम्म्याच्या थोडा वर. २०१३ च्या 'परम युवा २'चा कागदावरचा ५२४ टेराफ्लॉप, मोजलेला सुमारे ३६१. एवढे विद्वान लोक छापाचा आकडा आणि मोजलेला आकडा वेगवेगळा लिहितात. आपण एकाच आकड्यावर विश्वास का ठेवावा?

माप बदलले की नंबरही बदलतो

मोजलेला आकडासुद्धा सर्व कामांना लागू पडत नाही. २०२३ मध्ये लिनपॅकच्या यादीत अमेरिकेचा 'फ्रंटियर' पहिला होता, १,१९४ पेटाफ्लॉप. जपानचा 'फुगाकू' ४४२ वर. फरक अडीचपटीहून जास्त. पण शास्त्रज्ञांकडे 'एचपीसीजी' नावाची दुसरी परीक्षाही आहे. तिच्यात गणित थोडे आणि मेमरीतून आकडे आणण्याची धावपळ फार असते. त्या परीक्षेत फुगाकूने १६ पेटाफ्लॉप दाखवले आणि फ्रंटियरने १४. तिथे फुगाकू पुढे! शिवाय दोघांचेही आकडे किती खाली आले पाहा. यंत्र तेच, काम बदलले, नंबर बदलला. रेशमाच्या मापाने सतरंजी जोखायची नसते.

आणि ज्या परीक्षेचा पेपर आधीच ठाऊक असतो, तिथे पाठांतरही होते. २०१३ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस ४ फोनबद्दल असे उघड झाले की, वेग मोजणारे ठराविक ॲप चालू झाले की फोनच्या एका मॉडेलमधील चित्र काढणारी चिप ५३३ मेगाहर्ट्झवर जाई, एरवी ती ४८० च्या वर जात नसे. २०१८ मध्ये हुआवेच्या काही फोनांना अशाच कारणाने एका प्रसिद्ध चाचणीच्या यादीतून काढून टाकण्यात आले. गिऱ्हाईक समोर असताना तराजू नीट धरणारा आणि पाठ वळताच काटा दाबणारा दुकानदार आपल्याला माहीत आहे. ही त्याचीच नवी तऱ्हा.

म्हणून खरा कस लागतो तो आपल्या स्वतःच्या कामावर. याचेही उदाहरण पुण्यातच आहे. आपल्या जिल्ह्यात पाऊस झाला तर कापूस होतो, आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा आला तरच आमचे थान हलते. त्या पावसाचा अंदाज काढण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये चार पेटाफ्लॉपचा 'प्रत्यूष' आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा 'अर्क' बसवला गेला. आकडा जवळजवळ तिप्पट झाला. पण मे २०२५ मध्ये सहा किलोमीटर अंतरावरचा बारीक अंदाज देणारी नवी पद्धत सुरू झाली, तेव्हा शास्त्रज्ञांनी सांगितलेला हिशेब तासांचा होता : प्रत्यूषवर जे काम दहा तासांपर्यंत चाले, ते अर्कवर सुमारे चार तासांत होते. म्हणजे अडीचपट. त्यांनाही शेवटी पेटाफ्लॉप नव्हे, अंदाज किती तासांत हातात पडतो हेच पाहायचे होते, कारण पाऊस पडून गेल्यावर अंदाज आला तर उपयोग काय?

आपला वेळ नेमका कुठे जातो?

आता आपल्या गल्ल्यावर येऊ. समजा एका दुकानात दिवसाला १२० बिले होतात. एका बिलाला माल शोधून टाइप करायला ४० सेकंद, संगणकाला ३ सेकंद आणि छपाईला १२ सेकंद लागतात. एकूण ५५ सेकंद. १२० बिलांना ११० मिनिटे झाली. आता तिप्पट वेगाचा नवा संगणक आणला. तीन सेकंदांचा एक सेकंद झाला. बिल ५३ सेकंदांत, दिवसाला १०६ मिनिटे. एवढा पैसा घालून वाचली फक्त चार मिनिटे.

त्याऐवजी जुन्याच संगणकाला बारकोड वाचणारे यंत्र जोडले आणि टाइप करण्याचे ४० सेकंद १५ वर आले, तर बिलामागे २५ सेकंद वाचतात. दिवसाला ५० मिनिटे. खर्च कोणत्या ठिकाणी करावा हे सांगायला ज्योतिषी नको.

संगणकशास्त्रात याला ॲम्डालचा नियम म्हणतात. जीन ॲम्डाल या शास्त्रज्ञाने तो १९६७ मध्ये मांडला. पण शिवणकामाचा धंदा करणारा प्रत्येक जण तो जाणतो. कटिंग मास्तर एक आणि शिलाई मशीन दहा असतील, तर आणखी पाच मशीन आणून कपडे वाढत नाहीत, कारण कापलेला माल तेवढाच येतो. 'चार कोअर', 'आठ कोअर' यांचेही असेच आहे. आठ शिंप्यांना आठ कुर्ते दिले तर काम झपाट्याने होईल. आठ जण मिळून एकच कुर्ता शिवू लागले तर एकमेकांच्या हातात हात अडकतील.

भरतकामाच्या मशीनचे उदाहरण घ्या. २४,००० टाक्यांची नक्षी मिनिटाला ८०० टाके या वेगाने भरायला ३० मिनिटे लागणारच. धागा बदलण्याचा आणि तुटण्याचा वेळ वेगळाच. त्या मशीनला नक्षी पुरवणारा संगणक दुप्पट वेगाचा आणला तरी टाका लवकर पडणार नाही. उलट लग्नाच्या व्हिडिओचे संकलन करणाऱ्या कारागिराचा संगणक तासन् तास केवळ आकडेमोड करत असतो. तिथे वेगवान प्रोसेसरला घातलेला पैसा वसूल होतो.

आणखी एक गोष्ट. जुना संगणक 'स्लो झाला' म्हणून आपण प्रोसेसरला दोष देतो. पुष्कळदा दोषी असते ती फिरणारी हार्ड डिस्क. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला हवी ती माहिती शोधायला सरासरी १२-१३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे जवळजवळ चार कोटी ठोके पडून जातात. माग तयार, विणकर तयार, आणि कांडीच आली नाही! अशा जागी एसएसडी बसवली किंवा मेमरी वाढवली, तर नव्या संगणकाच्या मानाने थोड्या खर्चात काम भागते.

मोजणी करण्याची पद्धत

१. आधी आपल्याच संगणकाची नाडी पाहा. नेहमीचे काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की विंडोजमध्ये 'टास्क मॅनेजर' उघडतो. तो प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती टक्के गुंतली आहे ते दाखवतो. डिस्क शंभरावर आणि प्रोसेसर दहा-पंधरावर असेल, तर नवा प्रोसेसर घेऊन काही होणार नाही.

२. परीक्षेला आपले काम ठेवा. वर्षभराच्या हिशेबाचा अहवाल, मोठी फ्लेक्सची फाइल, दहा मिनिटांचा व्हिडिओ, जे आपण रोज करतो ते. विक्रेत्याचा नमुना नको. हिशेबाची प्रत दुसऱ्याच्या संगणकावर नेली तर काम होताच ती आपल्या समोर पुसून घ्यावी.

३. दोन संगणकांची तुलना करताना फाइल तीच, सॉफ्टवेअर तेच, आणि बाकीचे सारे प्रोग्रॅम बंद असावेत. लॅपटॉप विजेला जोडलेला असावा. दोन गज वेगळे असतील तर कापडाची तुलना होत नाही.

४. मोबाइलमधले स्टॉपवॉच घ्या. बटण दाबल्यापासून काम पूर्ण होईपर्यंतचा वेळ लिहा. असे तीनदा करा. पहिल्या वेळी माहिती डिस्कवरून यायची असल्याने बहुधा उशीर लागतो. तिन्ही आकडे लिहून मधला धरा, उत्तम आलेला नव्हे.

५. लॅपटॉप असेल तर अर्धा तास काम करून पुन्हा मोजा. तापल्यावर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी ठोका कमी करतो. सकाळी दहाचा वेग दुपारी राहतो का, हे मे महिन्यात बीडच्या दुकानात बसणाऱ्याने जरूर पाहावे.

६. सरासरीच्या फसव्या हिशेबापासून जपा. विक्रेता म्हणेल, "एक काम चौपट वेगाने झाले, दुसरे पहिल्याइतकेच, म्हणजे सरासरी अडीचपट." आपण मिनिटे मांडा. पहिले काम आठ मिनिटांवरून दोनवर आले, दुसरे ४० मिनिटांचे ४० च राहिले. एकूण ४८ ची ४२ झाली. फायदा आठवा हिस्सा. पटींची सरासरी काढू नये, वेळेची बेरीज करावी.

७. शेवटी रोज किती मिनिटे वाचतात ते काढा, महिन्याचा हिशेब करा आणि त्या वेळेची आपल्या धंद्यात किंमत किती ते ठरवा. ती संगणकाच्या किमतीशी ताडून पाहा. पटत असेल तर घ्या, नसेल तर पैसा मालात गुंतवा.

ही सारी खटपट एका दुपारची आहे. कागद, पेन्सिल आणि घड्याळ याखेरीज काही लागत नाही, इंग्रजीही लागत नाही. चांगला विक्रेता अशा मोजणीला नकार देत नाही. आपणही गिऱ्हाईकाला कापड उलगडून पाहू देतोच की. जो म्हणेल "मोजायचे काय त्यात, कंपनीने लिहिले आहे ना", त्याच्या दुकानातून नम्रपणे उठून यावे. आपल्या मुलांना संगणकाचे इतर सारे आपल्याहून जास्त कळत असेल, पण माल मोजून घेण्याची सवय त्यांनी आपल्याकडूनच घ्यायला हवी. पुढच्या वेळी संगणक घ्यायला जाताना त्यांना सोबत न्या आणि घड्याळ त्यांच्या हातात द्या.